अर्ज जाईपर्यंत

४ सप्टेंबर

मुंगीचा अर्ज वाचला. कॉलेजच्या प्रवेश विभागात असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर चहा गार व्हायच्या आत नापसंतीच्या गठ्ठ्यात गेला असता. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच तुला दाखवला.

मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी मुंग्यांच्या रांगेशेजारी पोटावर पडून राहायची, जेवायला हाका मारल्या तरी उठायची नाही, म्हणून हे नाव पडलं. वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज माझ्या घराजवळ, म्हणून पहिल्या वर्षापासून माझ्याकडेच राहते. तिला मेडिसिनची रेसिडेन्सी हवी आहे. म्हणजे रुग्णालयात काम करत करत छातीतले, पोटातले, रक्तातले आजार सुरी न लावता ओळखायला आणि बरे करायला शिकायचं. ती पुरी झाली की हृदयरोगाची फेलोशिप, म्हणजे त्या एकाच विषयाचं पुढचं शिक्षण. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. नोव्हेंबरअखेर अर्ज जायचा आहे.

तिची बाजू लंगडी आहे. दुसऱ्या वर्षी एका विषयाची फेरपरीक्षा द्यावी लागली होती. संशोधन शून्य. मोठ्या माणसाची ओळख शून्य. जमेला काय, तर वॉर्डातले पेशंट घरी जाताना तिला शोधून आशीर्वाद देतात. आशीर्वाद अर्जाला जोडता येत नाहीत.

हे काम मी हातात घेतलं आहे. निवृत्त झाल्यापासून प्रथमच टेबल नीट आवरलं. या घरात आता अर्ज जाईपर्यंत दुसरा विषय नाही.

आमच्या इमारतीचा जिना उगाच उंच बांधला आहे. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही?

९ सप्टेंबर

योजना ठरली. एक, हृदयविभागाच्या मोठ्या साहेबांकडे संशोधनात शिरायचं. दोन, त्यांचंच शिफारसपत्र घ्यायचं. तीन, स्वतःबद्दलचं निवेदन नव्याने लिहायचं.

दुसऱ्या मुद्द्यावर ती अडली. तिला पत्र हवं आहे ते वॉर्डातल्या बाईंचं. या बाई मेडिसिनच्या डॉक्टर आहेत. तिने त्यांच्या हाताखाली काम केलं आहे, तेव्हा त्यांना ती ठाऊक आहे, हा तिचा मुद्दा. मी विचारलं, पण त्या बाई कोणाला ठाऊक आहेत? छाननी करणारा पत्राखालची सही आधी बघतो, मजकूर वेळ उरला तर. मी आयुष्यभर तेच केलं.

"साहेबांना माझं नावसुद्धा माहीत नाही, मावशी."

"मग माहीत करून दे."

धाकटीचा फोन आला होता. मुलीला फार ताणू नकोस म्हणाली. वर विचारते, ताई, धावत येऊन फोन घेतलास का? मी खुर्चीतच बसले होते. फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे.

१८ सप्टेंबर

साहेबांच्या खोलीत नाही, पण खोलीबाहेरच्या संगणकापर्यंत तरी मुंगीचा शिरकाव झाला. जुन्या केसपेपरांतले आकडे रकान्यांत भरायचे. दर गुरुवारी आणि शनिवारी. ती म्हणाली, या रकान्यांत माणूस कुठेच दिसत नाही. मी म्हणाले, शोधनिबंधात नाव दिसलं म्हणजे झालं.

नवी चप्पल सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी आखडते. दुकानदाराला परत नेऊन दाखवली. तो माझ्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, चप्पल तीच आहे बाई. असल्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२ ऑक्टोबर

मुंगीची काळजी वाटू लागली आहे. जेवताना गप्प असते, मधूनच माझ्याकडे टक लावून बघते. ताकास तूर लागू देत नाही. अर्जाची धास्ती घेतली असणार.

आज मात्र स्वतःहून कामाचं बोलली. तपासणीचा सराव कमी पडतो आहे, मुलाखतीत त्यावर विचारतात, तू पेशंट होशील का? अर्जासाठी म्हटल्यावर मी नाही कशी म्हणणार? पलंगावर बसले. प्रश्न तरी किती. जिन्यात कुठे थांबतेस? झोपताना उशा किती? खोकला पडल्यावर येतो की बसल्यावर? मी म्हणाले, उशांचा वैद्यकशास्त्राशी काय संबंध? तीन घेते, कारण हल्लीच्या उशा पातळ असतात.

मग नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तरी खळगा तसाच राहिला, कणकेत बोट रुतावं तसा. ती त्याकडे बघत बसली. नंतर पाठीला नळी लावून इतका वेळ ऐकत होती की मला शेवटी सांगावं लागलं, परीक्षक एवढा वेळ देणार नाहीत.

नळी गळ्यात अडकवत म्हणाली, "मावशी, एकदा वॉर्डातल्या बाईंना दाखवूया का?"

"काय दाखवायचं? सराव तुझा चालला आहे."

"तरीपण."

दवाखान्यात गेलं की दिवस मोडतो, आणि सध्या दिवस मोडणं परवडणारं नाही. स्पष्ट सांगितलं, अर्ज जाईपर्यंत दवाखान्याचं नाव काढायचं नाही. ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं. मुलाखतीत असं गप्प बसून चालत नाही.

११ ऑक्टोबर

मुंगीने वजनकाटा आणला आहे. घरच्या घरी एक छोटा अभ्यास करते म्हणाली, एका व्यक्तीचं वजन रोज सकाळी नोंदवायचं. व्यक्ती अर्थात मी. संशोधनाच्या नावाने एवढं तरी स्वतःहून सुचलं, म्हणून मी रोज सकाळी शिपायासारखी काट्यावर उभी राहते. काटा बहुधा सदोष आहे. भूक कमी झाली आणि वजन वाढतंय, असं कुठे असतं का?

स्वयंपाकही तिनेच ताब्यात घेतला आहे. मीठ विसरते. टेबलावरची मिठाची बाटली नाहीशी झाली, खाऱ्या दाण्यांचा डबाही. विचारलं तर म्हणते, मुंग्या लागल्या होत्या. मिठाला? असल्या मुलीकडून मला अर्ज भरून घ्यायचा आहे.

२९ ऑक्टोबर

तिचं निवेदन मीच लिहून काढलं. ध्येय, शिस्त, नेतृत्व, संशोधनाची ओढ, सगळं जागच्या जागी. फेरपरीक्षेचा उल्लेख गाळला; आपली उणी बाजू आपणच कशाला दाखवायची.

तिने उभ्याउभ्या वाचलं. "छान आहे गं. पण यातली मुलगी मला कधी भेटली नाही."

तिच्या मते फेरपरीक्षेबद्दल एक सरळ वाक्य लिहावं, आणि त्यातून काय शिकलो ते दुसऱ्या वाक्यात. वॉर्डातल्या बाईंनी तसं सांगितलं म्हणे. पुन्हा त्या बाई. मी विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, समजलं नसताना मान डोलवायची नाही.

वाक्य वाईट नाही. पण मी तसं कबूल केलं नाही.

१४ नोव्हेंबर

आज मी स्वतः साहेबांना भेटून आले. पत्राचा पत्ता नाही, मुंगी मागायला लाजते, मग कोणी तरी पुढे व्हायलाच हवं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टसमोर चाकांच्या खुर्च्यांची रांग, म्हणून जिन्याने गेले. वर पोचल्यावर बाकावर बसावं लागलं. साहेबांच्या मदतनिसाने पाणी दिलं आणि ते देता देताच सांगितलं की मुंगी गुरुवारी येत नाही, ऑक्टोबरपासून. तेवढ्यात साहेब बाहेर आले. अतिशय सभ्य माणूस. माझ्याकडे बघून हसले, पत्र तयार होईल म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले. पाव मिनिटात काम झालं.

तरी मी लगेच उठले नाही. पाणी संपवत होते तेव्हा दुसरी एक बाई समोरून गेली आणि चार पावलं जाऊन परत आली. पांढरा कोट, केस कसेतरी बांधलेले. माझ्या गळ्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं. लोकांना रीत म्हणून नसते.

"जिना चढून आलात? रोजच असं होतं?"

मी म्हणाले, मी भाचीच्या कामाला आले आहे. कोणाची मावशी ते सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. याच त्या वॉर्डातल्या बाई. म्हणाल्या, मुंगी पेशंटशी बोलत असली की त्या मागे उभ्या राहून ऐकतात. मग माझ्या शेजारीच बसल्या. "तिने तुम्हाला विचारायचं ते विचारलंय ना? मग तुम्ही खरं उत्तर का देत नाही?"

कसलं उत्तर? एवढ्या मोठ्या डॉक्टरांना बोलण्याचा आगापिछा नसावा, याचं नवल वाटलं.

१५ नोव्हेंबर

गुरुवारचं विचारलं. ती नाकारत नाही. गुरुवारी दुपारी लवकर घरी येते हे मलाही दिसत होतं. मला वाटलं संगणक बंद असतील. घरी येऊन करते काय, तर भाज्या चिरते, मला तपासते आणि माझ्याबरोबर बाजारापर्यंत चालते. चालताना मी कुठे थांबते ते बघत असते. हे कसलं संशोधन?

मी बरंच बोलले. तोंडाशी आलेला घास टाकते आहेस, मी जिने चढायचे आणि तू कांदे चिरायचे, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मावशी, अर्ज तुझा आहे की माझा?"

यावर मी जेवले नाही. तिने ताट झाकून ठेवलं. मीठ नव्हतंच, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

२८ नोव्हेंबर

अर्ज गेला.

साहेबांचं पत्र अखेर आलं होतं. त्यात तिचा उल्लेख 'हा होतकरू तरुण' असा होता, आणि खाली तिने कधीही न केलेल्या कामाची स्तुती. कोणत्या तरी मुलाचं जुनं पत्र काढून नाव तेवढं बदललं होतं. मी ते दोनदा वाचलं. माझ्या नोकरीत अशी किती पत्रं मी सही बघून पसंत केली असतील, हा विचार नको तेव्हा आला. मुंगी हसली नाही, टोमणाही मारला नाही. वॉर्डातल्या बाईंचं पत्र तिने आधीच मागून ठेवलं होतं, ते जोडलं. निवेदनही तिचं तिनेच लिहिलं. मी स्वल्पविराम तेवढे सुधारले.

पाठवण्याची कळ दाबून ती माझ्याकडे वळली. "गेला. आता चल दवाखान्यात."

"मुलाखत होऊ दे."

"अर्ज जाईपर्यंत म्हणाली होतीस."

"मुलाखतीशिवाय अर्ज म्हणजे नुसता कागद. ती झाली की बघू."

ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. पाण्याची नासाडी मला खपत नाही, पण आज बोलले नाही.

१० डिसेंबर

दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं. तिला हवं असलेलं मोठं रुग्णालय आणि दुसरं एक मध्यमसं. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त धडधड होते.

रोज संध्याकाळी चहानंतर सराव घ्यायचं ठरवलं. मी टेबलापलीकडे बसते, ऑफिसातला जुना चष्मा लावते. मी तिला 'तुम्ही' म्हणते, ती मला 'मॅडम'. उत्तरं बरी देते, पण आवाज खाली जातो.

माझंही बसणं सोपं राहिलेलं नाही. लांब वाक्य असलं की मध्ये थांबावं लागतं. हवेत काहीतरी आहे.

१९ डिसेंबर

आज सरावात नेहमीचा प्रश्न घेतला. म्हणाले, "अशी एखादी केस सांगा, जिच्यात तुमची चूक झाली."

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग बोलायला लागली, आणि या वेळी आवाज खाली गेला नाही.

"साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत, मॅडम. निवृत्त. तक्रार काहीच नाही."

"तक्रार नाही तर त्या पेशंट कशा?"

"तक्रार त्यांची नाही, त्यांच्या वस्तूंची आहे. चप्पल आखडली आहे. जिना उंच झाला आहे. उशा पातळ झाल्यात, म्हणून तीन लागतात. फोन बिघडलाय, कारण त्या बसून बोलल्या तरी बहिणीला धाप ऐकू येते. वजनकाटा खोटा आहे. सगळं घर आजारी आहे, मॅडम. त्या तेवढ्या ठणठणीत आहेत."

मी परीक्षक होते. परीक्षकाने मध्येच उठायचं नसतं. मी विचारलं, "निदान?"

"हृदय थकलंय. अंगात पाणी साठतंय. तपासण्या केल्याशिवाय खात्री नाही."

"उपाय आहेत?"

"आहेत. वेळेवर आल्या तर चांगले आहेत."

"मग अडलं कुठे?"

"त्यांना एक अर्ज पाठवायचा होता."

बाहेर कोणी तरी दार लावल्याचा आवाज झाला. मी विचारलं की यात तुमची चूक कोणती. तिने टेबलावरचा माझा चष्म्याचा डबा सरळ केला, मग पुन्हा तिरका केला. "मी त्यांना सराव आहे, अभ्यास आहे असं सांगत तपासत राहिले. खरं तोंडावर सांगायला हवं होतं. भीती वाटली."

"कसली? त्या रागावतील याची?"

"नाही. माझं बरोबर निघेल याची."

मी चष्मा काढला. खाली बघितलं तर टेबलाखाली पाय होते. फुगलेले, चकचकीत, घोटा कुठे संपतो ते कळू नये असे. माझ्याच चपलेत होते म्हणून माझे म्हणायचे.

मी म्हणाले, मुलाखत संपली. उमेदवाराने उद्या सकाळी टॅक्सी बोलवावी.

२० डिसेंबर

गेलो. ठेवून घेतलं आहे.

२६ डिसेंबर

वॉर्डातून लिहिते आहे. हृदयाची झडप गळते आहे आणि पंप ढिला पडला आहे, असं वॉर्डातल्या बाईंनी मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. पाणी उतरवणारी औषधं चालू आहेत. दिवसभर बाथरूमच्या खेपा घालून जीव नको झाला, पण काल दोनच उशांवर झोपले. आणखी दोन महिने घरी बसले असते तर काय झालं असतं, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं. इथे लिहीत नाही.

बाई म्हणाल्या की मुंगीने ऑक्टोबरमध्येच एका नाव न सांगितलेल्या पेशंटबद्दल त्यांना विचारलं होतं: जो पेशंट स्वतःला पेशंट मानत नाही, त्याचं काय करायचं? त्यांनी विचारलं होतं, तू त्याला सांगितलंस का? त्यावर ती उठून गेली.

शेजारच्या खाटेवर एक आजीबाई आहेत. औषध देऊनही त्यांचं दुखणं हटत नाही. काल मुंगी माझा डबा घेऊन आली आणि त्यांच्या मांजराची कथा ऐकत बसली. मांजर कुठे झोपतं, काय खातं. अभ्यास सोडून मांजर, असं माझ्या ओठांवर आलं होतं. कथेच्या शेवटी आजीबाई सहज म्हणाल्या की गोळ्या अर्ध्याच घेते, संपल्या की पुन्हा आणायला कोण जाणार. मुंगी उठून शांतपणे नर्सकडे गेली.

मी कूस बदलली. इतकी वर्षं मी माणसं निवडली, म्हणजे नेमकं काय निवडलं?

३० डिसेंबर

घरी आले. मुंगी मोठ्या रुग्णालयाची मुलाखत सोडायच्या विचारात होती, मला एकटं कसं ठेवायचं म्हणून. मी म्हणाले, तू गेली नाहीस तर मी औषध घेणार नाही. ही धमकी बालिश होती हे मला कळतं. पण लागू पडली. त्या दिवसापुरती धाकटी येऊन राहणार आहे.

६ जानेवारी

सकाळपासून एका जागी बसवत नाही. धाकटीने तीनदा सांगितलं की ताई, येरझाऱ्या घालू नकोस. मुलाखत तिची, पण नाडी माझी पळते.

संध्याकाळी मुंगी आली. मी दारातच गाठली. फेरपरीक्षेबद्दल विचारलं का? हो. उत्तर नीट दिलंस? दिलं. आणि केस विचारली का? विचारली, अगदी तोच प्रश्न, तुमची चूक झालेली केस.

"मग? सांगितलीस ना?"

"दुसरी सांगितली. साधीशीच होती. त्यांनी फार काही विचारलं नाही."

एवढी चांगली केस, एवढं चांगलं बोलली होती त्या दिवशी, आणि नेमकी जिथे हवी तिथे गिळून टाकली. का, म्हणून विचारलं.

ती बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी परवानगी कुठे घेतली होती मी?"

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी आत जाऊन औषध घेतलं. मोठ्या रुग्णालयाचं आता काही खरं नाही, हे मला त्या क्षणी कळलं. नापसंतीचे गठ्ठे मी आयुष्यभर बांधले आहेत.

रात्री अळणी सूप पिताना मी विषय काढला. दुसरी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. केसला परवानगी आहे. अट एकच, पेशंट हट्टी होती असं म्हणायचं नाही.

"ते निदानातच येतं, मावशी," मुंगी म्हणाली.

धाकटी इतकी हसली की सूप सांडलं. परवानगी मी मागे घेतली नाही.

१५ मार्च

निकाल लागला. मोठ्या रुग्णालयाच्या यादीत नाव नाही. मध्यमशा रुग्णालयाच्या यादीत आहे, मेडिसिनच्याच जागेवर. मुंगीने यादी मला वाचायला दिली, कारण तिला अक्षरं दिसत नव्हती. मी शेवटपर्यंत वाचली आणि मग पुन्हा तिच्या नावापर्यंत आले. चूक असू शकते. नव्हती.

फेलोशिपचा अर्ज रेसिडेन्सी पुरी झाल्यावर. त्याची तयारी आत्तापासून करायला हवी, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तेव्हा विचारतात, एखादा पेशंट तुम्ही सलग किती वर्षं सांभाळलात? म्हणजे मला तोवर टिकून राहायचं आहे. अर्जाची सोय म्हणून.

झडपेच्या ऑपरेशनचं बाई उन्हाळ्यात ठरवणार आहेत. भीती वाटते. इथे लिहून ठेवते, कारण समजलं नसताना मान डोलवायची नाही असं या घरात ठरलं आहे.

२ एप्रिल

मुंगी काल तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. दोन पेट्या, एक उशी. घर फार आवरलेलं दिसतं.

सकाळी उठून काट्यावर उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. आकडा तिला फोनवर लिहून पाठवला. ती राउंडवर असणार, म्हणून उत्तराची अपेक्षा नव्हती. लगेच आलं. एकच शब्द.

"चप्पल?"

मी खाली बघून कळवलं: सैल.